हलू न दिलेला तुकडा

"ही फरशी कुणी केलीय?" आबांनी विचारलं.

"मी."

"मग मोडून टाक."

एवढं बोलून त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि चहाची बशी तोंडाला लावली. आईच्या शिवणयंत्रावर फळी टाकून मी संगणक मांडला होता आणि पडद्यावर माझी तीन आठवड्यांची मेहनत उघडी होती. आमच्याच मधल्या खोलीची मोझॅकची जमीन, पांढऱ्यावर काळ्या आणि चॉकलेटी चिप्स. आबा बघतच राहतील असं मला वाटलं होतं.

"अहो, नीट बघा तरी."

"बघितली की. ह्याला पेरायला येत न्हाई."

ह्याला म्हणजे संगणकाला. मोझॅकच्या कामात चिप्स टाकत नाहीत, पेरतात. मिस्त्री ओल्या सिमेंटवर आडव्या टाकलेल्या फळीवर उकिडवा बसतो, घमेल्यातून मूठ भरतो आणि संगमरवराचे बारके तुकडे मनगटाच्या झटक्यानं पसरत जातो. मग वरून रोलर फिरतो, आठवडाभर पाणी मारतात आणि शेवटी घासून पॉलिश करतात. माझ्या वडिलांनी, म्हणजे महादेव मिस्त्रींनी, मिरजेत आणि आसपासच्या गावांत तीस वर्षं हेच काम केलं. चिप्स चाळताना उडणारी भुकटी तीस वर्षं छातीत जात राहिली, आणि छप्पन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. तसंही काम उरलं होतं कुठं? लोकांना आता तोंड दिसेल अशी चकचकीत फरशी हवी होती. आबांच्या हातच्या जमिनी एकेक करून फुटत होत्या, नाहीतर त्यांच्याच डोक्यावर नवी फरशी बसत होती. असं काही कानावर आलं की आबा त्या दिवशी कमी जेवायचे.

मी बावीस वर्षांची होते. पदवी पदरात पडली होती, नोकरी पडली नव्हती, आणि सांगलीला तांबोळी सरांच्या क्लासला जात होते. सायकलच्या दुकानावरची एक खोली, आठ संगणक, त्यातले सहा चालू. सर तिथं ग्राफिक्स शिकवायचे. संगणकात घर उभं केलं की त्याच्या भिंतींना, दारांना, जमिनीला अंगावरची कातडी द्यावी लागते. लाकूड हवं, दगड हवा, गंजलेला पत्रा हवा. त्याला टेक्स्चर म्हणतात. सोपी वाट अशी की लाकडाचा फोटो काढायचा आणि चिकटवून मोकळं व्हायचं. या सोप्या वाटेचा सरांना भारी तिटकारा होता.

"फोटो चिकटवणारे छप्पन्न मिळतात," ते म्हणायचे. "फोटो संपतो. मोठ्या भिंतीवर लावा, दोन हातांवर तोच डाग परत येणार. आणि तोच डाग परत दिसला की बघणाऱ्याला लबाडी कळते. नियम लिहायला शिका. नियम संपत नाही."

नियम लिहायचा म्हणजे पडद्यावर छोटे छोटे चौकोन मांडून तारांनी जोडायचे. एक चौकोन ठिपके पसरतो, दुसरा त्यांना लहानमोठं करतो, तिसरा रंग देतो. त्यात एक आकडा असतो, त्याला सीड म्हणतात. तो आकडा बदलला की सगळे ठिपके उठून नव्या जागी बसतात, पण बसतात त्याच नियमानं. पाचला एक फरशी, सहाला दुसरी, आणि दोघी सख्ख्या बहिणी. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं. एकही फोटो न वापरता आपल्या घरातली एक वस्तू करून आणा असं सरांनी सांगितलं, तेव्हा मला विचार करावा लागला नाही. आबांच्या जमिनी फुटून संपायच्या आत त्यांचा हात कुठंतरी शिल्लक राहावा, एवढंच मला हवं होतं. आणि आता ते म्हणत होते, मोडून टाक.

"काय चुकलंय ते तरी सांगा," मी म्हणाले. आवाज रडवेला झाला असावा, कारण त्यांनी बशी खाली ठेवली.

"परात आण. आणि तांदूळ, आणि काळं उडीद."

परातीत त्यांनी तांदूळ पसरला. उडदाची मूठ घेतली आणि खिडकीबाहेर बघत मनगट झटकलं. तीनदा.

"आता तुझ्या त्या डब्याकडं बघ आणि हिकडं बघ."

मी दोन्हींकडे पाहिलं. संगणकानं काळे ठिपके मन मानेल तिथं टाकले होते. कुठं चार एकमेकांच्या अंगावर, कुठं वीतभर जागा रिकामी. परातीत मात्र जवळजवळ प्रत्येक उडीद आपली जागा राखून बसला होता.

"दोन-चार चिकटलेत की तुमचेपण," मी म्हणाले. हार कशी मानायची?

"ते वय झालंय म्हणून. एरवी चिकटत न्हाईत. एक काळा पडला की हात फुडं सरकतोय. त्याला म्हणायला लागत न्हाई."

"बघून टाकता?"

"बघायला टाइम कुटला? शिमीट वाळतंय. हाताला कळतंय ते."

दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं तर ते खुर्चीवरून उठलेच. "बरोबर आहे! यंत्र कुठंही टाकतं, म्हणून गुठळ्या होतात. माणूस वाटून देतो. उज्ज्वला, हा तुझ्या वडिलांचा नियम आहे. तो लिही."

मग महिनाभर आमच्या घरात दुसरं काही झालं नाही. सकाळचा चहा झाला की आबा स्टूल ओढून माझ्या शेजारी बसायचे. मी चौकोन जोडायची, ते नाकं मुरडायचे. ज्या माणसाला मोबाइलवर फोन उचलता येत नव्हता, तो मला सांगायला लागला, "ह्या तारेचं जरा कमी कर." भिंतीजवळ हात आखडतो, म्हणून तिथं चिप्स विरळ. घमेल्याच्या तळाला बारीक माल उरतो आणि काम दाराशी संपतं, म्हणून दाराजवळ बारीक. चॉकलेटी तुकडा जड, तो जरा जास्त लांब जातो. हे सगळं मी आकड्यांत बसवत गेले.

"आणि हितं," एकदा ते उठून खऱ्या जमिनीच्या कोपऱ्यात गेले आणि अंगठ्यानं दाखवलं, "हितं दाट पडलंय बघ. तू पाळण्यात होतीस. मी मूठ भरली आन् तू भोकाड पसरलंस. मूठ जड पडली."

"हे पण घालू?"

"घाल की. तुझंच हाय ते."

मी घातलं. त्या महिन्यात आबांचा खोकलासुद्धा कमी झाला होता, का मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे. मी इतकी सुखात त्यानंतर कधी नव्हते.

महिन्याच्या शेवटी एका सकाळी ते पडद्याकडे बराच वेळ बघत बसले. नाक मुरडलं नाही.

"झाली?" मी विचारलं.

"झाली. एक सोडून."

कुठलं ते मला माहीत होतं.

आबांची एक रीत होती. कुठल्याही घरी जमीन घालायची तर पेरणी संपता संपता ते घरच्या बाईला हाक मारायचे, "वैनी, एखादी वाढलेली बांगडी असली तर द्या." बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणतात. ती बाई काचेचा तुकडा आणून द्यायची आणि तिला हवी ती जागा दाखवायची. आबा तो तुकडा तिथं ओल्यात दाबायचे. घासून पॉलिश झाली की लाखभर चिप्समध्ये तो एकच काचेचा, जरासा बाकदार. पाहुण्याला शोधून सापडायचा नाही. घर कुणाच्याही नावावर असो, जमिनीत जागा तिची, असं आबा म्हणायचे. तीस वर्षांत त्यांनी एका जमिनीत दोन तुकडे कधी घातले नाहीत. एका घरात दोघी जावांनी हट्ट धरला, तर खोल्याच दोन केल्या.

आमच्या घरी तो तुकडा आईचा होता, हिरवा. स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत येताना, उंबऱ्यापासून दोन पावलांवर. आईनंच जागा दाखवली होती. मी सातवीत असताना ती तापानं गेली, हातातल्या हिरव्या चुड्यासकट. त्या दिवसापासून आबांनी त्या तुकड्यावर पाय दिला नाही. मला कधी सांगितलं नाही की देऊ नकोस. ते फक्त तिथं आले की अर्धं पाऊल डावीकडे टाकायचे. हातात पाण्याची बादली असो, अंगात ताप असो, ते अर्धं पाऊल पडायचंच. माझंही पडायला लागलं. घरातले दिवे गेले असले तरी आम्ही दोघं तिथं बरोबर डावीकडे वळायचो.

मी तो तुकडा पडद्यावर केला. त्याचा बाक, आतला फिकट पट्टा, एका टोकाला उडालेला कपचा. उंबऱ्यापासूनचं अंतर मोजून जागेवर बसवला. आबांनी बोट पुढं केलं, पण पडद्याला लावलं नाही.

"आकडा बदलला की सगळं उठून दुसरीकडं बसतंय न्हवं?"

"हो. सीड बदलला की."

"ह्यो पण?"

"हो, हा पण."

"मग त्याचं काय तरी कर. बाकी तुला पायजे ते हलव. ह्यो हलू देऊ नको."

मी त्या तुकड्याची तार त्या आकड्यापासून सोडवली आणि त्याला जागेवर खिळवून टाकला. आकडा पाच केला, सहा केला, नव्वद केला. चिप्स उठत होत्या, बसत होत्या. हिरवा तुकडा होता तिथंच राहिला. आबांनी मान हलवली आणि दुसरा चहा मागितला.

सरांनी ते काम पुण्यातल्या एका टाइल्स कंपनीच्या ऑफिसात पाठवलं आणि तीन आठवड्यांत मला तिथं नोकरी लागली. जुन्या घरातल्यासारखी जमीन लोकांना परत हवी आहे, पण घासापुसायची कटकट नको, असं तिथल्या साहेबांचं म्हणणं होतं. दोन फूट बाय दोन फुटांची फरशी, वर छापलेलं मोझॅक. एकच चित्र छापलं तर ते परत परत दिसून लोकांच्या लक्षात येतं, म्हणून त्यांना आठ वेगवेगळी चित्रं हवी होती.

"हा हिरवा काय आहे?" साहेबांनी पडद्यावर बघून विचारलं.

"खूण आहे सर. आमच्याकडची रीत."

"राहू दे. चांगला उठतोय."

मी आकडा आठ वेळा बदलला आणि आठ चित्रं काढली. एकेक उघडून, मोठी करून, कडेपासून कडेपर्यंत तपासली. प्रत्येकीत काळ्याशेजारी काळा नव्हता. प्रत्येकीत हिरवा तुकडा जागेवर होता, एकच. प्रत्येक वेळी मला ती एक पुरी जमीन वाटली आणि मी पुढच्या चित्राकडे गेले.

पहिला माल निघाला तेव्हा एक फरशी कागदात गुंडाळून मी मिरजेला घेऊन आले. आबांनी ती मांडीवर घेतली, चष्मा लावला, अंगठा फिरवला. छापील आहे हे त्यांच्या अंगठ्यालाच कळलं. हिरवा तुकडा सापडल्यावर ते हसले.

"आता ही कुटं कुटं जाणार?"

"सगळीकडं. नागपूर, नाशिक, पार गोव्यापर्यंत."

"आणि आमचं नाव कुटं लिवलंय?"

"नाव नाही लिहीत आबा. हात आहे की."

"मग बास," ते म्हणाले. फरशी त्यांनी खिडकीत उभी करून ठेवली आणि येईल त्या माणसाला दाखवली. दूधवाल्याला तर दोनदा. आपलं काम आता कुणी फोडू शकत नाही, असं ते सांगायचे, कारण ते पोरीच्या डब्यात आहे.

दोन वर्षांनी, डिसेंबरात, त्यांचा श्वास लागला. शेजाऱ्यांनी त्यांना मिरजेतल्या एका दवाखान्यात नेलं आणि मी पुण्याहून पोचले तोवर नाकाला नळी लागली होती. नऊ दिवस खालच्या मजल्यावर काढले. दहाव्या दिवशी सुधारले. संध्याकाळी स्ट्रेचरवरून त्यांना वरच्या नव्या मजल्यावर हलवलं. स्ट्रेचरवर ते छत बघत होते आणि मी पिशव्या, थर्मास, फायली सांभाळत खोल्यांचे नंबर वाचत होते. खाली कुणी बघितलं नाही.

सकाळी डॉक्टर आले. "मिस्त्री, आज चालायचं. हा व्हरांडा आहे ना, त्याच्या टोकाच्या खिडकीपर्यंत न थांबता जाऊन दाखवा, की सोडलं तुम्हाला घरी. झोपून राहिलात तर छाती परत भरेल."

"जातोय की," आबा म्हणाले. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, "घरला चल बाई. हितली गादी रबराची हाय. घाम येतोय."

साडेआठ झाले असतील. मी त्यांना उठवलं, स्वेटर घातला. त्यांचा उजवा हात भिंतीच्या कठड्यावर, डावा माझ्या खांद्यावर. खोलीच्या दाराबाहेर एक पाऊल टाकलं आणि ते थांबले. दम लागला असेल असं मला वाटलं. ते खाली बघत होते.

"उजे, ह्ये माझं काम हाय."

मी खाली पाहिलं.

"मी हितं कवा आलतो?" ते पुटपुटले. मग त्यांना सांधे दिसले. "न्हाई, न्हाई. फरशी हाय. तुझी हाय ही."

"आपली आहे आबा."

"माझा हात हाय. बघ, काळं काळ्याला चिकटत न्हाई."

समोरून एक सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन येत होती. आबांनी तिला थांबवलं. "सिस्टर, ही जमीन माझी हाय." ती म्हणाली, "हो का आजोबा? मग चला बघू तिच्यावरून," आणि निघून गेली. मला इतका आनंद झाला होता की हसू आवरेना. दोन वर्षं मी ज्यासाठी मरमर केली ते माझ्या वडिलांच्या पायाखाली होतं, आणि त्यांनी ते न सांगता ओळखलं होतं.

ते चालायला लागले. मोजून एक पाऊल, आणि पुन्हा थांबले. कठड्याच्या बाजूच्या रांगेत, बरोबर त्यांच्या पायापुढं, हिरवा तुकडा होता.

ते माझ्याकडे बघून हसले. खांद्यावरचा हात घट्ट झाला, आणि त्यांनी अर्धं पाऊल डावीकडे टाकलं. घरी टाकायचे तसंच. त्या एका पावलानं त्यांना धाप लागली, पण चेहऱ्यावर हसू होतं. मग परत कठड्याकडे सरकून ते एक पाऊल पुढं आले. तिथं पुन्हा हिरवा तुकडा होता. त्यांनी पुन्हा अर्धं पाऊल डावीकडे टाकलं. या वेळी हसले नाहीत.

तिसऱ्या तुकड्यापाशी त्यांनी मान वर केली आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत पाहिलं. मीही पाहिलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं. शेजारी शेजारी पाच रांगा होत्या, टोकापर्यंत फरशाच फरशा. प्रत्येकीच्या चिप्स वेगळ्या होत्या. आणि प्रत्येकीत, त्याच कोपऱ्यात, त्याच बाकाचा, एका टोकाला कपचा उडालेला हिरवा तुकडा. दर दोन फुटांवर. त्यांच्यावरून डबे घेतलेले नातेवाईक चालले होते, वॉर्डबॉय ढकलगाडी ओढत होता, एक बाई ओलं फडकं फिरवत होती.

आठ चित्रं मी एकेक करून बघितली होती. आठही शेजारी ठेवून एकदाही बघितली नव्हती.

"आबा," मी म्हणाले, "सरळ चला. ते छापलेलं आहे नुसतं. शाईच आहे ती."

"ठावं हाय मला."

"मग?"

"मग तू टाक पाय."

मी पाय उचलला. समोर छापलेली शाई होती, माझ्याच हातानं केलेली, आणि ती आई नव्हती हे मला पुरतं कळत होतं. पाय खाली आला तो अर्धं पाऊल डावीकडे.

आबांनी आणखी एकदा प्रयत्न केला. सरळ गेले असते तर तेवढा श्वास छातीत होता, डॉक्टर खोटं बोलले नव्हते. पण प्रत्येक फरशीला एकदा बाहेर आणि एकदा आत, एवढा नव्हता. पाचव्या तुकड्यापाशी त्यांचे ओठ निळसर झाले होते. टोकाची खिडकी अजून पंधरा फरशांवर होती.

"पाय कुटं ठेवू गं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना कमरेत धरलं आणि भिंतीला टेकवून हळूहळू खाली बसवलं. कामावर बसायचे तसे ते उकिडवे बसले. धाप जरा खाली बसल्यावर त्यांनी शेजारच्या फरशीवरचा तुकडा बघितला, मग तिच्या पुढच्या फरशीवरचा. मिस्त्रीच ते. काय झालं असेल ते त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

"तू आकडा बदलत गेलीस."

"हो."

"आणि ह्यो हलला न्हाई."

"मीच खिळवला होता आबा. विसरले. आठही वेळा विसरले." मला रडू फुटलं. जाणारी येणारी माणसं आमच्याकडे बघून बाजूनं जात होती.

"तू कशाला रडतीस?" ते म्हणाले. "हलू देऊ नको म्हणून मीच म्हणालोतो."

त्यांनी हात लांब करून जवळच्या तुकड्यावर अंगठा फिरवला. गुळगुळीत होता. सिमेंट नाही, काच नाही, काहीच लागलं नसणार. नंतर त्यांनी हात स्वेटरला पुसला आणि म्हणाले, "एकच बाई होती गं ती."

वॉर्डबॉयनं चाकाची खुर्ची आणली. त्यांना खोलीत नेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चालायला सांगितलं तर ते नको म्हणाले. तिसऱ्या दिवशीही. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते भले माणूस, खाली सतरंजी टाकून देतो म्हणाले. सतरंजी आली, टोकापर्यंत अंथरली. आबांनी ती दारातून बघितली आणि परत पलंगावर बसले.

"खाली हायच की," ते म्हणाले.

छाती पुन्हा भरत गेली. त्या सकाळनंतर अकराव्या दिवशी ते गेले. घरी नेण्याबद्दल मी रोज विचारत होते आणि डॉक्टर रोज उद्या म्हणत होते.

मी कंपनीला ते डिझाइन बंद करायला सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विक्रीचा कागद पुढं केला. खपणारा माल कुणी बंद करत नाही. निदान तो तुकडा काढते, मी म्हणाले. तर गिऱ्हाईक त्या हिरव्या ठिपक्यावरूनच माल ओळखतं म्हणे. मी नोकरी सोडली, पण डिझाइन त्यांचं होतं.

मिरजेचं घर मी ठेवलंय. महिन्यातून एकदा जाते, जमीन पुसून घेते. या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. मोझॅकची ती छापील फरशी बँकांत आहे, शाळांत आहे, दोन बस स्टँडांवर मी स्वतः पाहिली आहे. परवा चुलत भाचीच्या साखरपुड्याला गेले, तर कार्यालयाच्या अख्ख्या हॉलमध्ये तीच. मी पाहुण्यांमधून दर दोन फुटांना वळत, थांबत, स्टेजपर्यंत पोचले. जवळच्या बायकांना माझं ते चालणं आता सवयीचं झालं आहे. गुडघा एकदा चांगल्या डॉक्टरला दाखव, म्हणतात. मी हो म्हणते.